चौसष्ट टक्क्यांवरचा नवरा

चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर सासूबाई ग्रंथालयातून निवृत्त होणार होत्या, आणि निरोप समारंभात दाखवायची दहा मिनिटांची फिल्म ‘घरच्या घरी’ करायचं नवऱ्याने परस्पर कबूल करून टाकलं. “तासाभराचं काम आहे,” असं तो फोनवर म्हणाला तेव्हा सुनेने नुसतं वर पाहिलं. लग्नाला चारच महिने झाले होते. पण त्याचा तास केवढा असतो हे तिला तेवढ्यात कळलं होतं. (भिंतीवरचं घड्याळही तो तासाभरातच टांगणार होता. ते अजून कपाटावर आडवं पडलंय.)

समारंभ पाचला. सकाळी दहाला त्याने रेंडर लावलं, म्हणजे जोडलेल्या सगळ्या तुकड्यांची एक सलग फिल्म व्हायला सोडली. हिरवी पट्टी सुरसुर सरकली आणि चौसष्ट टक्क्यांवर थिजली. ‘प्रोग्राम प्रतिसाद देत नाही.’

“त्यात काय,” सासरे म्हणाले, “हासुद्धा लहानपणी अभ्यासाला हाक मारली की असंच करायचा.”

दुसऱ्यांदा चौसष्ट. तिसऱ्यांदा चौसष्ट, आणि प्रोग्राम आपणहून बंद. सासऱ्यांनी उभा जन्म कारखान्यात बॉयलरवर काढलेला. त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड उष्णतेचा. त्यांनी टेबलफॅन आणून लॅपटॉपच्या तोंडावर सोडला. त्याबरोबर सासूबाईंच्या भाषणाचे कागद घरभर उडाले.

“पानांवर आकडे नाहीत हो!” सासूबाई पलंगाखालून ओरडल्या. “आता मी आधी निवृत्त होईन आणि मग नोकरीला लागेन!”

नवऱ्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. डिस्कवर जागा हवी म्हणून लग्नाचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर हलवले. (चार महिन्यांत संसार खिशात मावला.) पट्टी चौसष्टच्या पुढे जाईना.

“अहो, मी बघू का?” सुनेने विचारलं.

“राहू दे गं, टेक्निकल आहे.”

दोन वाजता सासूबाई तयार होऊन दारात आल्या. “नाही झालं तरी चालेल हं,” त्या म्हणाल्या. ‘फिल्म मुलाने स्वतः केलीय’ हे त्यांनी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांचं ‘चालेल’ खरं नव्हतं हे सुनेने ओळखलं. त्या वळल्यावर तिने हलकेच दार लावलं. दार लागलं की तिच्या ‘अहो’चं ‘अरे’ व्हायचं.

“अरे, दर वेळी एकाच जागी अडतंय, तर खोट तिथेच असणार. तेवढा तुकडा उघड बघू.”

“तिथे काही नाहीये,” तो जरा जास्तच चटकन म्हणाला.

तिने माऊस ओढून घेतला. त्या जागी तो स्वतःच होता, आईविषयी दोन शब्द बोलताना. फिल्ममधल्या बाकी कुणालाही साधा एक इफेक्ट नव्हता. याच्या अंगावर अकरा.

“हा कशाला?”

“उजेड कमी होता.”

“आणि हा?”

“कॅमेऱ्याने मला जरा... रुंद घेतलंय.”

“कॅमेऱ्याने?” तिने ओठ आवळले. “आणि हा ‘केस दाट’?”

त्याने दाराकडे पाहिलं. “हळू बोल ना. बाबा ऐकतील.”

गाल बसवणं, पोट आत घेणं, हनुवटी एकच ठेवणं ही सगळी कामं त्या गरीब लॅपटॉपला एका दमात झेपत नव्हती. तिने एकेक इफेक्ट पुसायला घेतला. दहा गेले.

“तेवढे केस राहू देत,” तो इतक्या काकुळतीने म्हणाला की तिचा हात थांबला. पट्टी पासष्टवर गेली तेव्हा दोघांनी श्वास रोखला. पावणेचारला फिल्म तयार झाली.

सभागृहात फिल्म रंगली. सासूबाईंनी दोनदा डोळे पुसले. फिल्म संपल्यावर नवरा आभार मानायला माइकपाशी उभा राहिला, आणि ग्रंथालयाच्या एक जुन्या वाचक आजी सुनेकडे झुकल्या. “पडद्यावर मुलगा छान बोलला गं. त्याला आज सुट्टी नाही मिळाली वाटतं?”

“आलेत ना. ते काय, माइकपाशी.”

आजींनी चष्मा वर ढकलला. “चल, काहीतरीच! ते तर तुझे सासरे.”

“सासरा मी आहे,” पलीकडून सासरे ताठ होत म्हणाले.

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, आणि समजुतीने मान हलवली.

“असं होय! मग ते तुमचे थोरले बंधू का?”