सारजाबाईची साक्ष

समन्स घरात आल्यापासून कोंडीबा टांगेवाल्याला भाकरी गिळवेना. तसा तो मूळचाच भित्रा. टांग्यासमोर शेळी आडवी आली तर तिला वाट देऊन वर रामराम करायचा, असं शुक्रवार पेठेतले लोक सांगतात, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. अशा माणसावर सरकारनं गुन्हा ठेवला होता: दिवेलागणीनंतर बिनदिव्याचा टांगा हाकला. याच गुन्ह्यासाठी मागं एकदा ताकीद मिळालेली. आता शाबीत झालं की छातीवरचा परवान्याचा पितळी बिल्ला काढून घेणार, आणि बिल्ला गेला की टांगा दारातच उभा राहणार.

बरं, गुन्हा तर झाला होता. त्या दिवशी घरातल्या कंदिलाची काच फुटली म्हणून सारजाबाईनं भाकरी थापायला टांग्याचा दिवा काढून चुलीपाशी टांगला, आणि कोंडीबा तसाच ठेसनाकडं निघून थेट पोलिसाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"वकील लावा की," सारजाबाई म्हणाली.

"येडी का काय! वकील बघितला की म्याजिस्ट्रेट म्हननार, गुन्हा केल्याबिगर का ह्यानं वकील आनलाय?"

"बराबर!" असं म्हणत शेजारचा हुसेनसाब नालबंद आत आला. चोरीच्या बकरीच्या खटल्यात तो एकदा साक्षीला गेला होता, तेव्हापासून कायद्यातलं आपल्याला अर्धं तरी कळतं अशी त्याची समजूत होती. "डरू नको, कोंडीबा. मी हाय की. दिवा जळत होता, वाऱ्यानं इझला. बस. जास्त बात करायची नै."

लगेच तालीम सुरू झाली. हुसेनसाब घमेलं पालथं घालून त्यावर मॅजिस्ट्रेट होऊन बसला. पोलीस म्हणून घोड्याला उभं केलं.

"आरोपी!" हुसेनसाब गरजला.

कोंडीबा मटकन खाली बसला.

"अरे ऊठ! मी हुसेनसाब हाय!"

"ठावं हाय रं. पन आवाज सरकारी लावलास की."

"दिवा जळत होता का नै?"

"न्हवता, सायेब," कोंडीबा बोलून गेला, आणि घोड्यानं मान डोलावली. कोंडीबाला दरदरून घाम फुटला. तो इतका, की घोडा पुढं होऊन त्याचा खांदा चाटू लागला.

हुसेनसाबनं कपाळाला हात लावला. "ह्याचं तोंड बंद ठेवू. साक्ष भाभी देतील. बोला भाभी, दिवा कुणी लावला?"

"मीच की. घासलेट मी घातलं, वात मी लावली. चुलीपाशी लावली, पन मीच."

"चुलीपाशी हे बोलायचं नै!"

"न्हाई बोलनार. शपथ घालू द्या, तरी रेटून खोटं बोलंन. पर ह्यांच्या नावासंगं खोटं जमायचं न्हाई, आधीच सांगून ठेवते. नाव घेताना खोटं बोललं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, आमच्या आईनं सांगितलंय."

"नाव कोण इचारतंय, भाभी?" हुसेनसाब हसला.

तारखेदिवशी दिवा घासूनपुसून पुरावा म्हणून बरोबर घेतला. दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून कोंडीबानं बिल्ल्यावर हात ठेवला होता, जणू कोणी येताजाता तो उपटून नेईल. उन्हं कलल्यावर पुकारा झाला. आत जाताना त्याचे पाय असे लटपटत होते, की शिपायाला वाटलं आरोपी लंगडा आहे. त्यानं आपणहून हात धरून त्याला आत आणलं. दिवा कारकुनाच्या टेबलावर ठेवला गेला.

आणि पाहा नशीब! तक्रार करणारा पोलीसच आला नव्हता. बंदोबस्ताला टेंभुर्णीला गेला होता.

"फिर्यादी नाही, पुरावा नाही," चष्मा पुसत मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले. "केस काढून टाकू. ह्या बाई कोण?"

"बचावाची साक्षीदार," कारकून म्हणाला. "हजेरी तेवढी लिहून घेतो, साहेब. बाई, नाव?"

"सारजाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

सारजाबाईनं मान खाली घातली. कोंडीबा घाईनं पुढं सरकला.

"सायेब, मी सांगतो..." त्यानं तोंड उघडलं.

"गप्प!" शिपाई ओरडला. "बाईंना विचारलंय."

सारजाबाईनं पदर डोक्यावरून नीट घेतला. सगळं कोर्ट तिच्याकडं बघू लागलं. तिनं घसा खाकरला आणि लग्नात म्हणावं तशा ठसक्यात म्हणाली:

"घरातला कंदील फुटला, टांग्याचा दिवा चुलीपाशी नेला,
कोंडीबारावांचं नाव घेते, गुन्हा माझ्यामुळं झाला."

दाराशी उभ्या हुसेनसाबनं डोळे मिटले. कोंडीबानं बिल्ल्याची टाचणी स्वतःच सोडायला घेतली. तेवढाच सरकारला त्रास कमी.

साहेबांनी चष्मा पुन्हा पुसला. मग त्यांनी कारकुनाला विचारलं, "बाईंना शपथ दिली होती?"

"अजून नव्हती, साहेब."

"मग कोर्टानं काही ऐकलेलं नाही. केस काढून टाकली." आणि जरा थांबून, "बाई, घरातल्या कंदिलाला काच बसवा."

कोंडीबा बाहेर कसा आला, हे त्याला आजतागायत सांगता येत नाही. सारजाबाईला त्यानं टांग्यात टाकलं, हुसेनसाबसाठीही थांबला नाही, आणि साहेबांचं मन पालटायच्या आत घोडा पिटाळला. पेठ जवळ आली, दुकानांतून दिवे लागले, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

"ए टांगा! थांब!"

कोपऱ्यावर पोलीस उभा होता. हा दुसराच, नवा.

"दिवा कुठंय?"

कोंडीबानं दिव्याच्या जागी हात लावला. जागा रिकामी. घासूनपुसून चकचकीत केलेला दिवा कोर्टात कारकुनाच्या टेबलावर होता.

"नाव काय तुजं?"

कोंडीबाची जीभ टाळ्याला चिकटली. घोड्यानं मात्र ओळखीचा पोलीस भेटल्यासारखी मान डोलावली.

"मुका हाय का काय?" पोलिसानं मागं वाकून बघितलं. "बाई, तुमी सांगा. नाव काय ह्याचं?"

मागं बांगड्या वाजल्या. सारजाबाई पदर डोक्यावरून घेत होती. कोंडीबा गर्रकन वळला आणि त्यानं दोन्ही हात कोपरापासून जोडले, पोलिसाला नव्हे, बायकोला.

सारजाबाईनं घसा खाकरला.