जंगूबाई टेकाम, हजर

सोमवार, २७ नोव्हेंबर २००६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी झरी जामणी तालुक्यातील एका आश्रमशाळेत आदिवासी महिला व मुलींवरील अत्याचार थांबवण्यास प्रारंभ झाला. परिपत्रकानुसार ते दुपारी एकपर्यंत थांबवायचे होते.

फलकाची रुंदी कमी पडल्याने 'निर्मूलन' हा शब्द गाळावा लागला. 'आदिवासी महिला अत्याचार सप्ताह : हार्दिक स्वागत' एवढेच मावले. वरून साहेब कोणी आले नाहीत. त्या वर्षी कापसाचे हाल पाहायला दर आठवड्याला एक समिती जिल्ह्यात उतरत होती आणि सगळ्या सरकारी जीपगाड्या तिच्या मागे होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून मग स्वतःची जीप असलेला माणूस पाहण्यात आला. घनश्यामसेठ हे पोडांवरच्या, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरच्या, कोलाम मुलींना कापूस वेचायला आदिलाबादकडे नेणारे ठेकेदार. फलक आणि चिवडा त्यांच्याकडूनच होता.

शोभा मॅडमनी पुस्तिका उघडली. "मुलींनो, अनोळखी माणसाच्या गाडीत बसायचं नाही."

सातवीतली कोकिळा टेकाम उभी राहिली. "अन् ओळखीच्या, मॅडम?"

"ओळखीच्या चालते."

"माही बहीण जंगू ओळखीच्याच गाडीत गेलती जी. दिवाळीच्या सुट्टीत, वेचणीले. बारा पोरी गेलत्या, अकरा आल्या."

घनश्यामसेठ चिवडा चावायचे थांबले.

"प्रश्न विषयाला धरून विचार, कोकिळा," मॅडम म्हणाल्या. सेठ पुन्हा चावू लागले.

मुख्याध्यापक नरहर सरांपुढे वेगळाच पेच होता. अहवालात 'उपस्थिती शंभर टक्के. नसल्यास कारणे द्यावीत' असा रकाना होता. नववीच्या यादीत एक सही कमी पडत होती आणि कारण व्यासपीठावर बसले होते. सरांनी कोकिळाला टेबलाजवळ बोलावले.

"जंगूबाई तुझीच बहीण ना? लिही तिचं नाव इथं."

"हे कागद कुठी जाते, सर?"

"थेट यवतमाळला. मोठ्या साहेबांच्या टेबलावर."

कोकिळाचा चेहरा उजळला. पंधरा दिवस ती हेच मागत होती, की कोणीतरी जंगूचे नाव लिहून वर कळवावे. तिने सुवाच्य अक्षरात 'जंगूबाई टेकाम' असे लिहिले आणि साहेबांना शोधायला सोपे जावे म्हणून पुढे पोडाचे नावही टाकले. 'घडलेल्या घटना' या रकान्यात सरांनी 'निरंक' लिहिले. एक वाजायला पाच मिनिटे असताना कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला.

गुरुवारी कोकिळाची आई तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. जमादारांनी शाळेत फोन लावला, ऐकून घेतले आणि रिसीव्हर ठेवला.

"काहून खोटं बोलून राह्यली, बाई? तुही पोरगी सोमवारी शाळेत हजर आहे. सही आहे तिची. हजर पोरगी बेपत्ता कशी लिहू?"

"ते नाव म्या लिहिलं, साहेब," कोकिळा म्हणाली.

"म्हणजे खोटी सही. हा गुन्हा आहे. हा मात्र लिहिता येते. लिहू काय?"

आईने कोकिळाचा हात धरला आणि ती उठली. जमादार तसे वाईट नव्हते. दारापर्यंत येऊन त्यांनी मार्ग सांगितला. "पहिले पोरीले शाळेतून गैरहजर करून आणा. मंग पाहू."

नरहर सरांना ते अशक्य वाटले. अहवाल गेला होता. एक मुलगी गैरहजर केली, तर जिल्ह्याचे शंभर टक्के हे नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी होणार आणि त्याची कारणे द्यावी लागणार. "शिवाय," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "कागदावर तिचं शिक्षण चालू आहे. त्यात तिचं नुकसान काय?"

चार डिसेंबरला वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर फोटो आला. 'अत्याचाराविरुद्ध मुली जागृत. उपस्थिती शंभर टक्के.' मधोमध घनश्यामसेठ, मागे मुली. आपण तो पाहिला असेल आणि चांगले चालले आहे म्हणून पान उलटले असेल. कोकिळाच्या आईला वाचता येत नाही. बातमीत सगळ्या आल्या होत्या असे छापले आहे, हे कोणीतरी तिला सांगितले. तेव्हापासून ती बोटाने एकेक चेहरा तपासते आहे. आपल्याकडचा अंक रद्दीत गेला नसेल तर आपणही एकदा पाहावे.

शनिवार, ९ डिसेंबर, सायंकाळी पाचपर्यंतची माहिती अशी : घनश्यामसेठची जीप पुन्हा आदिलाबादकडे निघाली आहे. जंगूबाई टेकाम शाळेत हजर आहे. घरी आलेली नाही.