बारा बाय आठचा पंचनामा

गारा पडायला लागल्या तेव्हा मोरेश्वर टेंभेकर मुलाच्या घरात फेऱ्या मारत होते. स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत, तिथून मागच्या काचेच्या दारापर्यंत आणि परत स्वयंपाकघरात. ओहायोतल्या डब्लिनमध्ये येऊन त्यांना सात आठवडे झाले होते आणि हॉलमधल्या गालिच्यावर त्यांच्या पायांची वाट पडली होती. बाहेर जावं तर रस्त्यावर माणूस नाही, आणि गाडी चालवता येत नाही. केदार सकाळी ऑफिसला जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. घरात उरायची सून रेणू. ती नागपूरची, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली, पण नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायला बंदी. मोरेश्वर पाहुण्यांच्या व्हिसावर, म्हणजे त्यांनाही बंदी. दोन कामाची माणसं दिवसभर एकमेकांना "चहा टाकू का?" असं विचारत होती.

"रेणू, गारा!"

"बाबा, मागे या. काच आहे ती."

"काचेचं काय घेऊन बसलीस? माझी मेथी!"

मागच्या अंगणात बारा फूट बाय आठ फूट एवढा तुकडा खणून त्यांनी मेथी, टोमॅटो आणि मिरच्या लावल्या होत्या. मेथी चार बोटं वर आली होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता, येत्या रविवारी पहिली जुडी खुडायची ठरली होती. गारा आधी हरभऱ्याएवढ्या होत्या, बघता बघता लिंबाएवढ्या झाल्या. मोरेश्वरांनी ओट्यावरचं पातेलं उचललं, डोक्यावर पालथं घातलं आणि दार सरकवून ते बाहेर पडले. तीन वेळा टणटण वाजल्यावर रेणूनं त्यांना स्वेटर धरून आत ओढलं.

अकरा मिनिटांनी सगळं शांत झालं. मोरेश्वर वाफ्याशी जाऊन उभे राहिले. मेथी चिखलात मिसळली होती, टोमॅटोची रोपं मानेत मोडली होती. रेणू मनातल्या मनात समजुतीचे शब्द जुळवत होती. पण सासरे वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी दिसत होती.

"घरात मोजायची फीत आहे का? आणि कॅमेरा आण. कोरे कागदही."

"कशाला बाबा?"

"कशाला म्हणजे? पंचनामा नको करायला?"

चौतीस वर्षं मोरेश्वर महसूल खात्यात होते आणि नाशिक जिल्ह्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. द्राक्षं, कांदा, गहू, जे जे गारपिटीनं झोडपलं ते ते त्यांनी मोजलं होतं. आता त्यांनी गुडघे टेकून मेथी मोजली. मेथी शंभर टक्के गेली, अकरापैकी नऊ टोमॅटो गेले, मिरच्या सहाच्या सहा. रेणूनं सगळं कॉम्प्युटरवर इंग्रजीत उतरवलं. चतुःसीमासुद्धा घातली : पूर्वेस केदार टेंभेकर यांचे राहते घर, पश्चिमेस लाकडी कुंपण, उत्तरेस बार्बेक्यूची शेगडी, दक्षिणेस शेजाऱ्याचे हिरवळीचे क्षेत्र.

पंच म्हणून सही करायला कुत्र्याला फिरवणारे शेजारचे आजोबा सापडले. त्यांना ते कुणाच्या तरी वाढदिवसाचं कार्ड वाटलं असावं, कारण सहीखाली त्यांनी 'बेस्ट विशेस' असंही लिहिलं. दुसरी सही रेणूची.

"आता हे दाखल करायचं," मोरेश्वर म्हणाले.

"इथे कुठे दाखल करणार?"

"सरकारात. सरकार काय, सगळीकडे असतंच."

त्यांनी टेलिफोनच्या जाड पुस्तकातून काउंटीच्या शेती ऑफिसचा नंबर हुडकला आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला फोन लावला.

"हेल डॅमेज, मॅडम. हंड्रेड पर्सेंट."

पलीकडच्या बाईंचा आवाज हळवा झाला. "आय ॲम सो सॉरी, सर. पीक कोणतं?"

"फेनुग्रीक. म्हणजे मेथी."

"स्पेलिंग सांगाल?"

मोरेश्वरांनी सांगितलं.

"आणि क्षेत्र?"

"ट्वेल्व्ह बाय एट."

फूट हे मोरेश्वरांना उघड होतं, तसंच एकर हे त्या बाईंना; बारा-बारा एकरांचे आठ तुकडे असं त्या समजल्या. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. "नाइन्टी सिक्स?"

"करेक्ट," मोरेश्वर म्हणाले. गुणाकार बरोबरच होता.

"उद्या सकाळी ऑफिसर येतील, सर."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "रेणू," ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "इथलं सरकार दुसऱ्याच दिवशी येतं गं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता केदारच्या टेबलावरचा फोन वाजला.

"केदार, घरी सरकारी बाई आल्यात," रेणू कुजबुजली.

"कुठलं सरकार? इमिग्रेशन?"

"नाही रे, शेतीवाल्या."

"शेतीवाल्या आपल्याकडे कशाला?"

"मेथी बघायला. आणि ऐक ना, त्या शहाण्णव एकर शोधतायत."

केदारनं मीटिंग कॅन्सल केली आणि सुटला. गेल्या तीन वर्षांत त्यानं वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती, रिकाम्या चौकातसुद्धा तो पूर्ण थांबायचा, कारण त्याची ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग होती. आणि आता बापानं सरकारला शहाण्णव एकरांची थाप मारली होती! वाटेत त्यानं मनातल्या मनात सोफा विकला, गाडी विकली आणि चार बॅगांत काय काय बसेल याचा हिशेब केला.

तो अंगणात धावत पोचला तेव्हा चिखलाचे बूट घातलेली पन्नाशीची एक बाई वाफ्याशी उभी होती. तिचं नाव पॅटी. तिच्या एका हातात काउंटीचा नकाशा होता, दुसऱ्या हातात पंचनामा.

"मॅडम, माझे वडील वयस्कर आहेत, त्यांचा फसवायचा हेतू अजिबात नव्हता, आम्ही टॅक्स वेळेवर भरतो," केदारनं एका दमात सांगून टाकलं.

पॅटीनं वर बघितलंही नाही. "हे कुणी केलं?"

"वडिलांनी. पण त्यांना यातलं काही कळत—"

"मला कळतं," मोरेश्वर म्हणाले.

"मंगळवारपासून एकतीस शेतांचे फोन आलेत," पॅटी म्हणाली. "ऑफिसात आम्ही दोघंच. एकानं नुसतं 'सगळं गेलं' एवढंच लिहून पाठवलंय. आणि इथे शेगडी कुठल्या दिशेला आहे ते पण लिहिलंय!" तिनं पान उलटलं. "हे 'बेस्ट विशेस' काय आहे?"

"ते पंच क्रमांक एक," मोरेश्वर गंभीरपणे म्हणाले.

पॅटी खळखळून हसली. फूट की एकर ते आपणच विचारायला हवं होतं, असं म्हणून तिनं नोंद खोडून टाकली. केदारच्या जिवात जीव आला. तिनं आता जावं म्हणून तो गेटही उघडून उभा राहिला. पण पॅटीचा पाय निघेना. तिला इथून सहा मैलांवर डेल नावाच्या म्हाताऱ्याच्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर जायचं होतं. काल त्यानं तिला फाटकातूनच परत पाठवलं होतं. मागच्या खेपेला सरकारी माणसानं गाडीत बसूनच नुकसान कमी लिहिलं आणि डेलला काहीच मिळालं नाही. तेव्हापासून तो कागद हातात असलेल्या कुणालाही आत घेत नव्हता.

"मोजायला दोन माणसं लागतात," मोरेश्वर म्हणाले. "फितीचं दुसरं टोक कोण धरणार?"

"बाबा!" केदार ओरडला. "तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. काम करता येत नाही तुम्हाला!"

"काम कोण करतंय? मी पंच म्हणून चाललोय. साक्षीदाराला कसला व्हिसा?"

केदारनं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. रेणू बुटांच्या नाड्या बांधत होती.

शेताच्या फाटकाशी डेल हाताची घडी घालून उभा होता. सत्तरीचा, उंच, डोक्यावर मळकी टोपी. आधी त्यानं पॅटीच्या पिकअपकडे पाहिलं, मग मागून आलेल्या केदारच्या गाडीतून उतरणाऱ्या तिघांकडे.

"काल एकटी होतीस. आज वरात घेऊन आलीस?"

मोरेश्वरांनी वाकून फाटकाच्या फटीतून हात घातला आणि पहिल्या सरीतली पानं उलटून पाहिली. हिरव्या-पांढऱ्या फळांवर तपकिरी डाग होते, कुणी अंगठ्यानं दाबल्यासारखे. गळून पडलेलं एक फळ त्यांनी तळहातावर घेतलं.

"किती दिवसांत तोडायला आली असती?"

"दहा," डेल म्हणाला. "लोक पोराबाळांना घेऊन येतात. स्वतःच्या हातानं तोडतात."

"आवाज कसा होता?"

हे डेलला कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं टोपी काढली. "मालगाडी अंगावरून गेल्यासारखा. मी शेडमध्ये होतो. बायकोनं डोळे मिटून घेतले होते. मी बघत बसलो. बघायला नको होतं."

मोरेश्वरांनी मान हलवली. थोड्या वेळानं डेलनं फाटकाची कडी काढली.

केदारच्या गाडीत इस्त्रीच्या शर्टाचा तारेचा हँगर होता. मोरेश्वरांनी तो वाकवून चौकोन केला. तो पाठमोरं उभं राहून खांद्यावरून मागे फेकायचा आणि पडेल तिथली फळं मोजायची, म्हणजे जागा आपण निवडली असं कुणी म्हणायला नको. रेणू फळं मोजायची, पॅटी लिहायची, डेल आणि मोरेश्वर फीत धरायचे. केदार बांधावर उभा राहून घड्याळ बघत होता. आठव्या खेपेला त्याच्यानं राहवेना.

"बाबा, तुम्ही सगळे थ्रो उजवीकडेच करताय. सॅम्पल बायस होतंय."

"मग तू फेक."

केदारनं फेकला. नंतरचे बत्तीस चौकोन त्यानंच फेकले. पॅटी एकदा म्हणाली की एवढे पुरे, तर तो तिच्याशी वाद घालायला लागला. काळे चकचकीत बूट घोट्यापर्यंत चिखलात बुडाले तेही त्याच्या लक्षात आलं नाही. चार तासांनी आकडा आला : शंभरात सत्त्याऐंशी फळं गेली होती.

रेणूनं बेरीज दोनदा तपासली. पॅटीनं कागदावर सही केली, डेलनं केली, आणि पंच म्हणून टेंभेकर घराण्यानं केली. डेलच्या बायकोनं आतून लिंबाचं सरबत आणलं.

"तुम्ही शेती किती वर्षं केली?" डेलनं मोरेश्वरांना विचारलं.

"एक दिवसही नाही. शेतकऱ्याच्या दारात येणारा सरकारी माणूस होतो मी."

डेलनं त्यांना नीट न्याहाळलं. "लोक आत घ्यायचे?"

"घ्यायचे. चहा द्यायचे. चहा संपला की विचारायचे."

"काय?"

"तुम्ही आता विचाराल तेच."

"मदत कधी येणार?" डेल म्हणाला.

मोरेश्वरांचं तोंड आपोआप उघडलं. "रिपोर्ट वर पाठवलाय."

तेच वाक्य पॅटीच्याही ओठांवर आलेलं होतं. ती घाईघाईनं पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

"वर म्हणजे कुठे?" डेलनं विचारलं.

हा प्रश्न मोरेश्वरांना आजवर शेकडो माणसांनी विचारला होता. अशा वेळी ते ऑफिसातल्या पंख्याच्या दिशेनं बोट दाखवायचे, आणि माणसं हात जोडून निघून जायची. आताही बोट वर गेलं. पण तिथे पंखा नव्हता. धुऊन काढलेलं निळं आभाळ होतं, आणि तिथूनच तर सगळं आलं होतं. मोरेश्वरांनी बोट खाली घेतलं.

"पॅटीताई," ते म्हणाले, "वर म्हणजे कुठे हो?"

"आधी कोलंबसला, राज्याच्या ऑफिसात," पॅटी चाचरत म्हणाली. "मग वॉशिंग्टन."

"कोलंबसचा नंबर द्या."

सोमवारपासून मोरेश्वरांच्या फेऱ्या थांबल्या. नऊ वाजता आंघोळ, पूजा उरकून, इस्त्रीचा सदरा घालून ते फोनजवळच्या खुर्चीत बसायचे आणि डेलच्या वतीनं कोलंबसच्या ऑफिसला फोन लावायचे. केदारनं पहिल्या दिवशी विरोध केला, दुसऱ्या दिवशी विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं दारातूनच विचारलं, "काय म्हणाले?"

तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिकडच्या बाई आवाज ओळखायला लागल्या.

"गुड मॉर्निंग, मिस्टर टेंभेकर. रिपोर्ट वर गेलाय."

"मॅडम," मोरेश्वर प्रेमानं म्हणाले, "हे वाक्य मी चौतीस वर्षं वापरलंय. तुमच्या टेबलाच्या डाव्या हाताला एक गठ्ठा असेल. त्यात खालून तिसरा-चौथा कागद बघा."

"सर, तसा काही गठ्ठा इथे—"

"बघा तर खरं. मी थांबतो."

पलीकडे खुर्ची सरकली. कागदांची सळसळ झाली. रेणू हातातला चहाचा कप तसाच धरून उभी होती.

"ओह," फोनमधून आवाज आला. "सर, आय ॲम सो सॉरी. आजच पाठवते. नाही, आत्ताच. तुमच्यासमोर फॅक्स करते."

फॅक्सची किरकिर पूर्ण थांबेपर्यंत मोरेश्वरांनी फोन कानाला लावून ठेवला. मग रिसीव्हरवर हात ठेवून ते सुनेकडे वळले.

"सापडला गं. पण डाव्या नाही, उजव्या हाताला निघाला." त्यांनी चहाचा कप घेतला. "साहजिकच आहे म्हणा. इथे गाड्यासुद्धा उजवीकडूनच चालवतात."