टाचणीचं मॅचिंग

कापडाचा तुकडा किड्याशेजारी धरून रंग जुळवणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो नेमका माझा शेजारी. जुन्नरच्या बाजारपेठेत मोतीशेठचं मॅचिंग सेंटर आणि त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बाई साडी घेऊन आली की शेठ तिच्या हातात ब्लाउजपीस देऊन तिला थेट पायरीवर पिटाळायचे. "उजेडात बघून घ्या, ताई. मागनं तक्रार नको." अख्ख्या तालुक्याच्या साड्यांना जोड मिळवून देणारा हा गृहस्थ स्वतः मात्र बारमाही पांढऱ्या सफारीत.

नव्वदच्या दशकात शेठची बायको, आमच्या भाभी, गेल्या आणि शेठना नवा नाद लागला. दुकान बंद असलं की पिशवीत निळे ब्लाउजपीस कोंबायचे आणि मिळेल त्या एसटीनं डिंभ्याला जायचं. एकदा मलाही ओढून नेलं. धरणाच्या खाली, नदीकाठच्या लव्हाळ्यात शेठ सफारीसकट चिखलात पालथे पडले. समोर लव्हाळ्याच्या काडीवर टाचणी बसलेली. चतुरासारखाच किडा, पण अंग सुईएवढं, पंख पाठीवर मिटलेले, आणि काळ्या वळ्यांमधून असा निळा की पिशवीतले सगळे निळे विटके दिसावेत.

"धरा की, आणि न्या दुकानात," मी म्हणालो.

"जीव हाय तो, राव. कटपीस न्हाई."

एवढ्यात टाचणी उडाली. शेठ तिच्यामागे गुडघ्यांवर रांगत सुटले. सफारीचं काय झालं ते विचारू नका.

पुढच्या खेपेलाही मी बरोबर होतो. त्याच लव्हाळ्यात नवी टाचणी निघाली ती फिकट, मातकट. कोवळेपणी ती तशीच असते, निळी मागाहून होते, हे शेठना कुठं ठाऊक! "लॉट बदलला!" ते ओरडले. देवाच्या मालावर असा आळ कापडवालाच घेऊ जाणे.

मी वैतागलो. "शेठ, हे एवढं लावायचंय कुणाच्या साडीला?"

"आमच्या हिच्या." ते चिखल झटकत बसले. "माहेरची साडी व्हती. तिला मॅचिंग कदी मिळालंच न्हाई. हितं आलो व्हतो तवा किड्याकडं बोट दाखवून म्हनली, हा निळा द्या. मी म्हनलो, असला रंग निघतच न्हाई." मग म्हणाले, "मी वळून बघितलंबी नव्हतं, राव."

परतीच्या एसटीत ब्लाउजपीसची पिशवी मी माझ्या मांडीवर घेतली.

रंगाऱ्याच्या मागं लागून लागून शेवटी त्यांनी एका ब्लाउजपीसवर तो निळा काढून घेतलाच. एका बाईनं कपाटात तो तुकडा पाहिला आणि हवाच म्हणून हटून बसली. "ते गेलं," एवढंच म्हणून शेठनी तिला दुसरा दाखवला.

त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेठनी भिंतीवरचा भाभींचा रंगीत फोटो उतरवला. अंगावर तीच माहेरची साडी. हार बाजूला ठेवून त्यांनी फोटो पायरीवर उन्हात टेकवला आणि तुकडा त्या साडीशेजारी धरला. मी उघड्या घड्याळात डोकं घातलं.

"उजेडात बघून घे," शेठ म्हणत होते. "मागनं तक्रार नको."