कुमारी क्ष यांची रजा

नातवाच्या वागण्यातलं नेमकं काय खुपतं असं कुणी लेम्पी राउतिओला विचारलं असतं, तर तिनं आधी त्याला बसायला खुर्ची दिली असती, कारण यादी लांबलचक होती. ट्रेव्हरनं मेलेल्या आजोबांचा शिकारीचा कोट न विचारता उचलला होता. सुईत दोरा ओवायचं तिचं भिंग न विचारता उचललं होतं. आणि एप्रिल लागून दारात गुडघाभर बर्फ तसंच असताना, फावड्याला हात न लावता, तो कोट घालून, ते भिंग डोळ्याला लावून, हा पठ्ठ्या कॉपर रिज विद्यापीठभर पायांचे ठसे बघत हिंडत होता. बर्फात ठसे सगळ्यांचेच उमटतात, डीनचेही आणि कुत्र्याचेही. पण हे त्याला सांगणार कोण?

वर त्यानं कार्डं छापून घेतली होती.

"ट्रेव्हर राउतिओ," कार्ड म्हणत होतं. "विद्यार्थी सभेचा संहितारक्षक. उत्तर मिशिगनमधला एकमेव घटनात्मक गुप्तहेर. ज्याच्या नजरेतून उपकलमसुद्धा सुटत नाही."

लेम्पी शाळेत सहावीपर्यंतच गेलेली. पण कार्ड वाचण्यापुरतं तिला येत होतं.

"एकमेव आहेस ते बरं आहे," ती म्हणाली. "आणखी एक असता तर मला पोसायला लागला असता."

विद्यार्थी भवनाच्या तळमजल्यावरची खानावळ लेम्पीची होती. कागदोपत्री विद्यापीठाची, पण ते कागद कुणी बाहेर काढत नसे. एकोणिसाव्या वर्षी ती या विद्यापीठात बटाटे सोलायला लागली, आता अडुसष्टची होती, आणि तिच्यासमोर कुलगुरूसुद्धा आपलं ताट आपण उचलून ठेवत. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. गुरुवारीच दुपारी वरच्या मजल्यावर विद्यार्थी सभा भरे. सूप पिऊन पोरं वर जात आणि कलमांवर भांडत. लेम्पीचं मत होतं की सूप थोडं पातळ केलं तर भांडणं लवकर मिटतील, पण पातळ सूप करणं तिच्या रक्तात नव्हतं.

खानावळीला लागून मुलांची खोली होती. ज्या विद्यार्थ्यांना पोरंबाळं होती ते वर्गात जाताना त्यांना तिथं सोडत. सध्या नऊ पोरं होती. विद्यार्थी सभेनं तीस वर्षांपूर्वी ठराव करून ती खोली तीस वर्षांसाठी मुलांना दिली होती आणि ती तीस वर्षं या गुरुवारी चार वाजता संपत होती. तोवर सभेनं नवा ठराव केला नाही, तर खोली विद्यापीठाकडे जाणार होती. डीनसाहेबांनी तिथल्या 'मनःशांती कक्षा'साठी भिंतींचा रंगही पसंत केला होता. नऊ पोरं घालवली की तिथं शांती आपोआपच झाली असती, पण त्यांना ती उशा मांडून हवी होती.

खोली गेली असती तर ब्रिडी पेंगेलीचं शिक्षण गेलं असतं. ब्रिडी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, तिचा ओवेन दोन वर्षांचा होता, आणि नवरा कुठल्या राज्यात होता ते पोलिसांनाही ठाऊक नव्हतं. बुधवारी दुपारी ती लेम्पीच्या काउंटरशी आली, पोर कडेवर.

"मिसेस राउतिओ, उद्या होईल ना हो ठराव?"

"मागच्या दोन गुरुवारी काय झालं?"

"दोन्ही वेळा सभा बरखास्त. दार बंद असतं, आत काय होतं कळत नाही. कुणीतरी एक प्रतिनिधी येत नाही म्हणे. आणि खोलीचा ठराव असेल तर पटावरच्या सगळ्या शाखा हजर लागतात. कलम सतरा."

"कोण येत नाही?"

"सांगत नाहीत. गोपनीय आहे म्हणतात." ब्रिडीनं ओवेनचा हात साखरेच्या डब्यातून बाहेर काढला. "नाही झालं, तर मी सोमवारी आईकडे जाते. तिच्या गावात पेट्रोल पंपावर माणूस हवाय."

लेम्पीनं ओवेनच्या हातात दालचिनीचा टोस्ट दिला. दुसरं काय देणार होती?

ब्रिडी गेली आणि कोट फडफडवत ट्रेव्हर आला. त्यानं आजूबाजूला बघितलं, मीठदाणीखाली बघितलं, मग बसला.

"आजी, मोठं प्रकरण आहे. बाई बेपत्ता आहे."

"कोण बाई?"

"नाव सांगता येणार नाही. कलम चाळीस. मी तिला कुमारी क्ष म्हणतो."

"कुमारी आहे हे कशावरून?"

"टपालपेटीवर नवऱ्याचं नाव नाही." त्यानं वही उघडली. "पेटीत आमच्याच एकशे चार नोटिसा आहेत. एकही उघडलेली नाही. यावरून काय दिसतं?"

"कंटाळली तुम्हाला."

"घाबरली आहे. कुणीतरी तिला धमकावलंय." मग त्यानं रुमालाची पुरचुंडी सोडली. आत अर्धा चावलेला टोस्ट होता. "हा तिच्या खुर्चीवर सापडला. चावा बघ. वरचे चार दात, खालचे चार, बाकी तोंड मोकळं. म्हणजे बाईचं वय ऐंशीच्या पुढे, किंवा तिला बेदम मारलेलं आहे."

"किंवा दोन वर्षांचं पोर."

"आजी, दोन वर्षांचं पोर प्रतिनिधी होऊ शकत नाही. कलम चार."

"अरे, पण तो टोस्ट माझ्या—"

"हा घटनेचा प्रश्न आहे, आजी. तू सूप ढवळ."

लेम्पीनं सूप ढवळलं. ज्याला ऐकायचं नाही त्याला ती दोनदा सांगत नसे. एकदा सांगे आणि दुसऱ्या वेळी ताट काढून घेई.

ट्रेव्हरचा पहिला संशय वनशास्त्राच्या डग लाजोईवर होता, कारण डगच्या गाडीत दोरखंड सापडला. त्या गावात हिवाळ्यात ज्याच्या गाडीत दोरखंड नाही तो बर्फात अडकतो आणि ज्याच्या गाडीत आहे त्याला हाका मारतो. पण ट्रेव्हरनं डगला खानावळीतच उलटतपासणीला धरलं.

"दोरखंड कशाला?"

"बांधायला," डग म्हणाला.

"कुणाला?"

"लाकडांना."

"लाकडं पळून जातात?"

"तुला बघितलं तर जातील," डग म्हणाला आणि पॅनकेकला लागला.

ट्रेव्हरनं वहीत लिहिलं: उत्तरं तयार आहेत. म्हणजे पाठ केलेली आहेत.

दुसरा संशय डीनसाहेबांवर. त्यांच्या खिडकीतून कुमारी क्ष यांची खुर्ची सरळ दिसते, हा पुरावा. "त्यांच्या खिडकीतून सुपीरियर सरोवरही दिसतं," लेम्पी म्हणाली, "ते काय त्यांनी पळवलं?" ट्रेव्हरनं तेही लिहून घेतलं. तिसरा तर्क असा, की कुमारी क्ष सभेतच आहे, वेष पालटून, हजर असणाऱ्या अकरा प्रतिनिधींपैकी कुणीतरी एकजण म्हणजे खरं तर दोन माणसं आहेत. त्यासाठी त्यानं अकरा जणांना एकापाठोपाठ एक उभं करून मोजलं. अकरा भरले. त्यानं दुसऱ्या टोकाकडून मोजलं. तेव्हाही अकराच भरले, आणि याचाच त्याला संशय आला.

गुरुवारी साडेतीनला त्यानं सगळ्यांना सभागृहात बोलावलं. या वेळी दार उघडं होतं. गुन्हेगार सगळ्यांसमोर उघडा पाडायचा असतो, असं त्याचं म्हणणं. ब्रिडीला पोरासकट बोलावलं होतं. लेम्पीलाही साक्षीला बोलावलं होतं, टोस्ट तिच्या खानावळीतला म्हणून. ती एप्रन न काढता आली आणि पुढच्या रांगेत बसली. खुर्ची डीनसाहेबांसाठी राखलेली होती. ते मागे उभे राहिले.

सभेची अध्यक्ष कर्स्टन व्हॅन्डरकूक दमलेल्या चेहऱ्यानं म्हणाली, "ट्रेव्हर, चारला मुदत संपते. आटप."

ट्रेव्हरनं कोटाची कॉलर वर केली. "या दालनात माझी हुशारी सोडून सगळं उघड आहे," तो म्हणाला. "मी स्वतःला विचारलं, ठराव बुडाला तर सर्वांत जास्त नुकसान कुणाचं? ब्रिडी पेंगेलीचं. आणि ज्याचं नुकसान त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. म्हणून मी घेतला."

ब्रिडीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"माझ्यावर?"

"कुमारी क्ष यांच्या खुर्चीवर टोस्ट. तुझ्या पिशवीत टोस्ट. तू तिला लपवलंस, सभेची सहानुभूती मिळावी म्हणून. मुळात तू प्रतिनिधी नाहीस, सभासद नाहीस, गेले तीन आठवडे या दाराबाहेर उभी असतेस. तुझं इथं कामच काय?"

 ओवेन तिच्या कडेवरून सरकून उतरला, गोल टेबलाशी गेला, सभा उठल्यावर आत शिरायच्या सवयीनं एका रिकाम्या खुर्चीवर चढला आणि हातातला उरलेला टोस्ट खाऊ लागला. सभागृह त्याच्याकडे बघत राहिलं. खुर्चीपुढे लाकडी पाटी होती. त्या पाटीवरचं नाव लेम्पीनं पुढच्या रांगेतून ओठ हलवत वाचलं. मग शांतपणे उठली.

"ही तुमची कुमारी क्ष?"

"आजी, कलम चाळीस—"

"गप बैस. कर्स्टन, तू सांग. कुठल्या शाखेची बाई येत नाही?"

कर्स्टननं पट पुढे ओढला. "गृहविज्ञान."

"गृहविज्ञान बंद होऊन सव्वीस वर्षं झाली," लेम्पी म्हणाली.

कर्स्टननं पटावरच्या नावावर बोट ठेवलं. लेम्पी थांबली नाही.

"त्यांच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला मला पहिल्यांदा ठेवलं. सव्वीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात बर्फाच्या वजनानं छत खाली आलं. मोठं पातेलं मी उचलून आणलं, मागून त्यांनी कुलूप लावलं. वसंतात इमारत पाडली. तुम्ही कुणी तेव्हा जन्मलाही नव्हतात."

"मला वाटायचं, ते खाली सरोवराच्या बाजूला आहे," कर्स्टन हळूच म्हणाली.

"मला वाटायचं वर टेकडीवर," डग म्हणाला. "मुली दिसत नाहीत कधी, म्हणून वाईटही वाटायचं."

कर्स्टननं कपाटातली जुनी इतिवृत्तं काढली. दर गुरुवारी, दर वर्षी, वेगवेगळ्या अक्षरांत एकच ओळ होती. गृहविज्ञान: गैरहजर, रजा मंजूर. साध्या ठरावांना निम्मी माणसं पुरत, त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं. एका वर्षी तर गृहविज्ञानच्या प्रतिनिधीला शिस्तीबद्दल मानपत्र दिलं होतं, वर्षभरात एकदाही कुणाला मध्येच तोडलं नाही म्हणून.

"पट कोण करतं?" लेम्पीनं विचारलं.

कर्स्टन कलम नऊ वाचू लागली. पट संहितारक्षकानं करावा. दर सप्टेंबरात निबंधक कार्यालयात विचारून चालू शाखांचीच नावं घालावीत. चूक आढळल्यास मतदानापूर्वी केव्हाही तिथूनच खात्री करून दुरुस्त करावी. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला आणि सगळ्या माना ट्रेव्हरकडे वळल्या.

"विचारलंस?" लेम्पी म्हणाली.

"मागच्या वर्षीचा पट होता," ट्रेव्हर म्हणाला. "छान टाइप केलेला होता."

"मागच्या वर्षीच्यानं विचारलं होतं?"

"त्याच्या मागच्या वर्षीचाही छानच होता."

भिंतीवरच्या घड्याळात चारला बारा मिनिटं कमी होती. ट्रेव्हरनं घसा साफ केला. "आता रीतसर उपसमिती नेमून, आठ दिवसांत—"

"फोन," लेम्पी म्हणाली.

निबंधक कार्यालयात मार्ज होती. मार्ज आणि लेम्पी एकाच चर्चच्या, एकाच भिशीच्या, आणि गेली चौदा वर्षं एका केकच्या कृतीवरून एकमेकींशी अबोला धरलेल्या. कर्स्टननं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"गृहविज्ञान?" मार्जचा आवाज आला. "कोण थट्टा करतंय? तिथं मी माझी गाडी लावते."

कर्स्टननं नावावर रेघ मारली. तिथंच हाका झाल्या, अकराच्या अकरांनी ओ दिली. ठराव मांडला, अकरा हात वर झाले, ओवेननं बघून आपलाही केला. चारला तीन मिनिटं असताना कर्स्टननं सही ठोकली. डीनसाहेबांनी रंगाचा नमुना घडी करून खिशात घातला आणि सूप उरलंय का, असं लेम्पीला विचारलं. उरलं नव्हतं.

ब्रिडी भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसली होती. रडत नव्हती, नुसती बसली होती. तीन आठवड्यांचं उभं राहणं पायात आलं होतं.

ट्रेव्हर मात्र टेबलाशी बसून इतिवृत्त लिहीत होता. लेम्पीनं त्याच्या मागून, त्याच्याच खिशातलं भिंग काढून, वाचलं: संहितारक्षकाच्या अथक तपासामुळे अखेर असं निष्पन्न झालं की कुमारी क्ष—

तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरज तिला कधी पडली नव्हती.

"ट्रेव्हर, ऐक. एकदाच सांगणार आहे. जी बाई नव्हतीच तिची तुम्ही सव्वीस वर्षं रजा मंजूर केलीत, तिला मानपत्र दिलंत, तिच्या काळजीनं तू आठ दिवस जेवला नाहीस. आणि जी पोराला कडेवर घेऊन तीन आठवडे तुझ्या दारात उभी होती तिला विचारलंस, तुझं इथं कामच काय. तुला वाचता येतं, म्हणून तू सगळं कागदात शोधलंस. मला विचारलं असतंस तर एका वाक्यात काम होतं, पण आजीनं सूप ढवळायचं. आता आधी उठून त्या मुलीची माफी माग. तिला हात देऊन उभी कर. आणि सोमवारपासून महिनाभर, रोज सकाळी, मुलांच्या खोलीत तू. तिथंही पट आहे. नऊ नावं आहेत, नऊच्या नऊ खरी. एकेकाला हाक मार, आणि जो ओ देईल त्याचं नाक पूस."