चार्टवर नसलेली गाडी

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत रोज सकाळी सातला समोरच्या गच्चीवरून आरोळी यायची, "डुकरांचा कळप नंबर तीन, पाऊण तास लेट!" नवे भाडेकरू दचकून गॅलरीत यायचे. आम्ही जुने लोक चहा ढवळत राहायचो.

ते नाना. सगळी नोकरी भुसावळला, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात. चार्टच्या कागदावरच्या आडव्या रेघा म्हणजे स्टेशनं, तिरप्या रेघा म्हणजे गाड्या. कोणती कुठे थोपवायची ते पेन्सिलीने ठरवायचं. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पेन्सिल राहिली. मग रावेरकडे केळीत मर रोग शिरला. तो चिखलातून पसरतो आणि चिखल रानडुकरांच्या खुरांना चिकटून जातो, हे कळल्यावर नाना हरखलेच. "अरे, हे तर ट्रॅफिक आहे!"

बागा स्टेशनं झाल्या, नाला मेन लाइन, चिखल पार्सल. त्या वयात ते कॉम्प्युटर शिकले. बटण दाबलं की पडद्यावर एक रात्र सरायची, डुकरं सरकायची, एखाद्या बागेचा हिरवा चौकोन पिवळा पडायचा. "उतरलं पार्सल!" नाना कपाळावर हात मारायचे. त्यांना एवढंच शोधायचं होतं, की थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या बागेत रोग कोणत्या वाटेने येईल. अक्काखेरीज त्यांचं कोणी नव्हतं.

दर रविवारी ते स्कूटरवरून रोगट बागा हिंडायचे, फूटपट्टीने खुरांचे ठसे मोजायचे आणि दुपारी अक्काच्या बागेत बसून भरीत-भाकरी खायचे.

पण हिशेब जुळेना. हायवेपलीकडच्या दोन बागाही रोगाने बसल्या होत्या आणि तिकडे डुकरं जातच नव्हती. "सेक्शनमध्ये कोणीतरी परवानगीशिवाय घुसतंय!" नाना गरजले. त्यांनी पडद्यावर नीलगायी सोडल्या, कोल्हे सोडले, शेवटी आमची मांजरसुद्धा सोडली. व्यर्थ.

एका रविवारी संध्याकाळी ते माझ्या पायपुसण्यावर बूट घासत होते. मी विचारलं, "नाना, तुमची स्कूटर चार्टवर कुठे आहे?"

"मला काय खूर आहेत?" ते खो खो हसले. मग बुटांकडे बघत राहिले.

त्यांनी कॉम्प्युटरात स्वतःला प्राणी म्हणून घातलं. बटण दाबलं. बागेला बाग जुळली. त्यांची शेवटची तिरपी रेघ अक्काकडे थांबत होती. तो चौकोन अजून हिरवा होता. पण हा रोग दिसायला महिने लागतात.

पुढच्या रविवारपासून नाना रस्त्यापलीकडे दगडावर बसू लागले. अक्का भाकरी तिथे आणून द्यायची. "नान्या, आत कामून नही येत? रुसला का मह्यावर?"

"लाल सिग्नल आहे, अक्का."

वर्षभराने नाना गेले. ते बाहेर का बसायचे, ते मी तेव्हा अक्काला सांगितलं. परवा त्यांचा चार्ट द्यायला मी अक्काकडे गेलो. बाग हिरवीगार. फाटकाशी तिने मला थांबवलं, चपला काढायला लावल्या, बादलीतल्या पाण्याने पाय धुवायला लावले आणि आत नेलं.

भाकरी वाढताना तिने विचारलं, "भाऊ, असे पाय धुवून त्याले बी येता आलं असतं ना?"