काकांच्या आंघोळीची वाफ

काकूंनी आणलेल्या रोपाची पानं निम्मी हिरवी आणि निम्मी पांढरीफटक होती. टेलरकाकांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"रंग उतरलाय याचा. बदलून आण."

"उतरलेला नाही, असाच असतो! यासाठी तर लोक जीव टाकतात," काकू म्हणाल्या.

पण आठवडाभरातच हॉलमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. काकूंना घास गोड लागेना. रोपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "उजेड हवा, पण थेट ऊन नको. आणि हवा दमट पाहिजे." अशी जागा घरात एकच होती. रोप बाथरूमच्या खिडकीखाली, स्टुलावर जाऊन बसलं.

तिथे त्याने चांगलं बाळसं धरलं. नवीन पान आलं, तेही निम्मं पांढरं. काकू हरखल्या आणि काकांचे हाल सुरू झाले. आधी साबणाचा फेस उडवायला बंदी आली, मग भसाभसा पाणी ओतायला.

"हळू ओता हो, दचकतं ते!"

"आणि मी इथे कुडकुडतोय त्याचं काय?"

"तुम्हाला काय नवीन पान फुटणार आहे?"

एके सकाळी पाठ चोळताना काकांचं कोपर लागून पान फाटलं. त्याच दिवशी बाथरूमला कुलूप बसलं.

काका टॉवेल-साबण घेऊन शेजारच्या रिटायर्ड हेडमास्तरांकडे जायला लागले. हेडमास्तर घड्याळ घेऊन दाराबाहेर उभे राहत.

"वेळ संपली! बाहेर या!"

"डोक्याला साबण लावलाय हो!"

"डोक्यावर आहे काय तुमच्या, लावायला?"

इतकं सोसूनही रोपाच्या कडा पुन्हा करपल्या. काकूंनी रोपवाल्याला घरीच बोलावलं. त्याने बाथरूमच्या भिंतीवरून हात फिरवला.

"ठणठणीत कोरडी आहे. बाई, राग मानू नका, पण घरात कोणी आंघोळ करत नाही का?"

काकू तशाच शेजारी धावल्या. "अहो, बाहेर या! घरी चला आंघोळीला! कडकडीत पाणी काढते!"

काका टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तोच हेडमास्तरांची बायको आडवी आली.

"ते कुठे जायचे नाहीत! मीही तसलंच रोप आणून आत ठेवलंय. आमच्या ह्यांची आंघोळ दोन तांब्यांत उरकते, वाफ म्हणून धरत नाही. काका यायला लागल्यापासून कसं तरारलंय!"

"नवरा माझा आहे!"

"असू दे की! आंघोळ आमच्याकडची आहे!"

हेडमास्तरांनी घड्याळ गुपचूप खिशात टाकलं. काका अंगावरचा फेस वाळवत दोघींच्या मधे उभे होते. एकदा त्यांनी इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग टॉवेलची गाठ घट्ट करून ते हेडमास्तरांच्या खुर्चीत ऐसपैस बसले.

"आधी चहा आणा," ते म्हणाले, "मग बघू, कोणाकडचं पाणी जास्त कडक आहे ते."